उभी

अथेन्सच्या या थंडगार दालनात
आई उभी आहे, चांगली सहा फूट.
खरी आई माझ्या खांद्याला लागायची.

खाली पट्टीवर लिहिलंय : 'स्त्री. तैलरंग.'
कालिरोई नाव होतं तिचं,
लिहायला काय जात होतं.

तीन उन्हाळे स्तामातिस आमच्या गावात येऊन राहिला,
नाक्सोस बेटावर, खाणींच्याही वर.
कुणाच्या तरी नांगराला लागलेली
वीतभर संगमरवरी बाई त्याच्या खिशात असे,
रुमालात गुंडाळून.
आणि आई आमच्या पायरीवर.
तो एकदा तिच्याकडे बघे, एकदा हिच्याकडे,
कुणाची कोण ते ठरत नसल्यासारखा.

मान त्यानं लांब केली. ते ठीक.
खाणीतून बाबा यायची वाट बघून
ती थोडी लांबलीच होती.
पांढरा रंग सुरीनं थापलाय,
ईस्टरआधी ती भिंतीला चुना थापायची तसा, घाईत.
हात मात्र हुबेहूब.
डावा वर, उजवा खाली, पोटाशी घडी.
तो म्हणे, पाच हजार वर्षांची बैठक आहे ही.
ती म्हणे, बाबा रे, पोटात कळ येतेय,
अजून किती वेळ?

चेहऱ्यावर नाकाचा एक उंचवटा,
बाकी कोरं.
डोळे नाहीत, तोंड नाही.
आईच्या तोंडाचा पट्टा सुटला की
तीन गल्ल्यांपलीकडली खेचरं कान टवकारायची.
पुरं झालेलं चित्र बघून ती एवढंच म्हणाली,
"नवऱ्याला दाखव. त्याला आवडेल."

दगडाच्या बाईचे पाय चवड्यांवर उतरते होते.
मी तिला कठड्यावर उभी करायला गेले,
पडली.
पुन्हा केली, पुन्हा पडली.
स्तामातिस हसला, "निजायचीच आहे ती, पोरी.
थडग्यातली."

इथंही पाय तसेच आहेत,
खाली कललेले,
कशालाच न टेकणारे.

रखवालदार खुर्चीत पेंगत होता.
त्याला विचारलं,
रात्री कुलूप लावताना
हिला जरा आडवी ठेवता का?

चष्म्यावरून बघत राहिला.
"आजी, खिळ्यावर आहे ती."

माहीत आहे मला.
बघा, जमलं तर.