घोळणा

जूनमध्ये ब्लॅकबर्नचा दिवस मावळायलाच तयार नसतो.
पावणेदहाला रोजा सुटायचा, अकराला तरावीह,
आणि मधल्या तासाभरात अम्मी
काळ्या वाटाण्यांची उसळ वाढायची.

मशीद म्हणजे दोन घरांमधली भिंत पाडून केलेली लांबट खोली.
फुलाफुलांचा जुना वॉलपेपर, किब्ल्याच्या बाजूलासुद्धा.
मी नऊ वर्षांचा, बाबांच्या कोपराला खांदा लावून.
बाराव्या रकातीत
बाबांनी नाक चिमटीत धरलं
आणि मान खाली घालून सफेतून निघून गेले.

मी मागोमाग धावलो.
मोरीत ते थंड नळाखाली पाय धूत होते.
सदऱ्यावर मी रक्त शोधलं. थेंबही नाही.
"काय झालं?"
"घोळणा फुटला."
"मग रोजा गेला?"
"येड्या, रोजा कधीच सुटला. आणि आपोआप येतं
त्याचा हिशेब नसतो. परवा तुझ्या आईला
मशीनवर उभ्या उभ्या ओकारी झाली,
तिचा गेला का? घशात बोटं घालून काढली असती
तर गेला असता."

रक्ताने आमच्यात वजू तुटत नाही.
शेजारच्या भरुचवाल्यांचा तुटतो, आम्हा कोकण्यांचा नाही.
हे मला बाराव्या वर्षी समजलं,
आणि मग आठवलं,
बाबा कोपरापर्यंत हात धूत होते.
मौलाना शिकवत होते: पोटातला वारा सुटला
तर नाक धरून बाहेर पडावं,
लोकांना वाटू द्यावं, रक्त आलं.
वर्गातली पोरं हसली. मीही हसलो असेन.

रमजानला फिरून त्याच जूनमध्ये यायला
तेहतीस वर्षं लागतात.
बाबा आता खुर्चीवर, शेवटच्या सफेत, दाराशी.
मांडीला पिशवी, लुंगीखाली नळी.
रोजे डॉक्टरने बंद केले. तरी दुपारची गोळी घेताना
ते पडदा ओढून पाणी पितात, चोरासारखे.
"थेंब थेंब चालूच असतं रे. माझा वजू तो कसला?"
"दर वक्ताला नवा वजू करायचा, मग वाहील ते माफ.
मौलानाच म्हणाले."
"मौलानाच्या मांडीला आहे का पिशवी?"

काल दुसऱ्याच रकातीत टोपण सैल झालं.
आधी वास. मग कार्पेटवर ओल.
मेहमूद गैबींचा नातू खुदकन हसला.
बाबांचे हात बांधलेलेच राहिले,
ओठ तेवढे थांबले.

मी नाक चिमटीत धरलं,
चांगलं सगळ्यांना दिसेल असं,
आणि दुसऱ्या हाताने बाबांचा दंड पकडला,
जणू आधार मलाच हवा होता.

मोरीत आता गरम पाणी येतं.
लुंगी पिळून झाली, पाय धुऊन झाले,
तोवर ते माझ्या शर्टाकडे बघत होते.
"घोळणा?"
"हो. फुटला."
त्यांनी ओला हात माझ्या मानेवर ठेवला.
"मग डोकं मागे टाकू नकोस," म्हणाले,
"पुढे वाक. पडायचं ते पडू दे."