चौऱ्याण्णव

इन्व्हरकार्गिलला लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर
त्याचं ऑफिस. नाव विलियामी, तिशीही नसेल ओलांडली,
टाय वाकडा, टेबलावर पेपरमिंटची बशी.
पहिली भेट फुकट, म्हणाला.
मी म्हटलं, फुकट दिलेलं मी आधी हुंगून बघते.

एकेचाळीस वर्षं ब्लफच्या शेडमध्ये
कालवं उघडते मी. मार्च ते ऑगस्ट, डझनावर मजुरी.
डाव्या हातात शिंपला, उजव्यात सुरी,
बिजागरीत टोक, मनगटाला एक हिसका.
आजवर किती उघडली ते कुणी विचारत नाही.
त्यानं विचारलं.
आणि उत्तर खरोखर लिहूनही घेतलं.

बिस्किटांच्या डब्यातून कागद नेले होते:
किवीसेव्हरची पत्रं, निम्मी न फोडलेली,
घराच्या हप्त्यांचं पुस्तक,
आणि डेसचं एक पोस्टकार्ड, चुकून आलेलं.
डेस अकरा वर्षांपूर्वी क्वीन्सलँडच्या खाणीवर गेला,
पैसे पाठवतो म्हणाला होता.
पोस्टकार्ड त्यानं उलटं करून बाजूला ठेवलं,
हलकेच, झोपलेलं मांजर उचलावं तसं.
तेव्हा मी पहिली पेपरमिंट घेतली.

मग जोखमीची प्रश्नावली.
*तुमची गुंतवणूक एका वर्षात वीस टक्क्यांनी घसरली, तर तुम्ही:*
*अ) सगळं विकाल, ब) थांबाल, क) आणखी घ्याल.*
मला हसू आलं.
अरे, एका वर्षी समुद्राच्या तळाशी रोग पसरला,
कालवं आतल्या आत मेली,
बोटी धक्क्याला बांधून ठेवल्या, शेडला कुलूप.
वीस टक्के कसले, शंभर.
मी काय केलं?
मोटेलातल्या चादरी बदलल्या, दोन हंगाम.
हे अ की ब?
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
म्हणाला, ह्याला रकाना नाही, नोलीन.

माझे पैसे म्हणे इतकी वर्षं
सगळ्यात झोपाळू फंडात लोळत पडले होते.
कुणी उठवलं नाही त्यांना.
आता थोडे उठवू, थोडे राहू देत, म्हणाला.
सदुसष्टपर्यंत काम जमेल?
मी अंगठा दाखवला, जो आता पुरता मिटत नाही.
पासष्ट, त्यानं लिहिलं. न वाद घालता.

आणि मग, जणू दुधात साखर किती विचारावं:
किती वर्षं जगाल असं धरू?

आई एकसष्टला गेली. मावशी अठ्ठावन्नला.
आमच्या घरातल्या बायका
कर्ज फिटायच्या आत आटोपतात, मी सांगितलं,
कोरंच सोड तेवढं.
कोरं सोडता येत नाही, म्हणाला, पुढचं पान उघडत नाही.
तुम्ही सिगारेट ओढत नाही,
आणि तक्त्याप्रमाणे… त्यानं बोट खाली खाली नेलं.
चौऱ्याण्णव.

मी आकडा वाचला. दोनदा.
चौऱ्याण्णव म्हणजे अजून एकोणतीस हिवाळे!
कोण ह्या बाया, मागच्या दाराने घरात शिरलेल्या,
सत्तरची, ऐंशीची, नव्वदीची,
सगळ्यांना खायला लागणार,
सगळ्यांचे दात, चष्मे, पायाची नखं.
नखं कोण कापणार, मी विचारलं.
तो हसला नाही. नवा रकाना केला:
*पायांची निगा, महिना चाळीस डॉलर.*

पुढच्या भेटीचे पैसे पडतात,
आकडा सांगताना त्याचे कान लाल झाले.
उघडायला कसब लागतं, मी म्हटलं,
बंद कालव कुणीही घेऊन फिरतं.
देईन. पण डझनाच्या भावानं
किती मिनिटं बसतात ते मी मोजणार.

खाली उतरले. बसला अवकाश होता.
समोर गाद्यांचं दुकान.
माझी गादी डेसच्या वेळची, मध्ये खड्डा,
आणि खड्डाही त्याच्या बाजूला.
पोरगा म्हणाला, ही घ्या, पंचवीस वर्षांची हमी.
मागच्या खेपेला असंच कुणी म्हणालं होतं,
तेव्हा मी खो खो हसले होते
आणि सगळ्यात स्वस्तातली उचलली होती.

आज बूट न काढता आडवी झाले.
छताकडे बघत बोटांवर हिशेब केला.
पासष्ट आणि पंचवीस.
चार वर्षं कमी पडतायत, मी त्याला म्हटलं,
ह्याच्यावरची दाखव.