फुंकणी

डॉक्टर तडवींनी दिलेल्या प्लास्टिकच्या नळीला
सासूबाई फुंकणी म्हणतात.
सकाळी चहाच्या आधी ताठ उभं राहायचं,
छाती भरून घ्यायची आणि एका दमात
सोडून द्यायची.
काटा सरकतो. तीनशे साठ.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत
मागल्या पानापासून मी आकडे लिहीत येते.
पुढून दूध, मागून दम.
मधे कुठेतरी भेटतील, बहुतेक श्रावणात.

तिसऱ्या महिन्यात मी पंप बंद केला होता.
कर, असं कुणी म्हणालं नव्हतं.
फक्त तो फुस्स आवाज झाला की
सासूबाईंचं लाटणं थांबायचं.
सहा दिवस निभावलं.
सातव्या रात्री माहुलकडून तो गोडसर वास आला,
की समोरच्या टॉवरच्या खड्ड्यातली धूळ,
की काहीच नाही, नुसतीच रात्र.
ओट्यावर दोन्ही तळवे टेकून मी उभी,
एका शब्दापुरतीही हवा शिल्लक नाही,
आणि मिलिंद निळा पंप शोधतोय
चमच्यांच्या खणात.

वहीत त्या तारखेपुढे आकडा नाही.

"औषध बाळापर्यंत पोचेल म्हणून घाबरलात," तडवी म्हणाल्या,
"श्वास पोचणार नाही, याला नाही घाबरलात?"
रागावल्या नाहीत. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं:
तपकिरी रोज दोनदा, बरं वाटत असलं तरी.
नंतर चूळ. निळा उशाशी.
'तरी'खाली दोन रेघा.

काल दुपारी सासूबाई म्हणाल्या, आण बघू ती इकडे.
गुहागरकडच्या ओल्या लाकडांवर
चार बाळंतपणं काढलेली बाई.
पदर खोचला, डोळे मिटले, फुंकलं.
एकशे सत्तर.
पुन्हा. एकशे साठ.
"बिघडलीय तुझी फुंकणी."
मी फुंकून दाखवलं. तीनशे सत्तर.

मग त्या काही बोलल्या नाहीत.
नळी गरम पाण्याने धुतली,
खिडकीत पालथी ठेवली,
कबुतरं बसू नयेत म्हणून वर चाळण.

रात्री वही उघडली तर
माझ्या आकड्याखाली पेन्सिलीने,
पहिलीतल्या पोरासारखं जपून गिरवलेलं:
१७०.

मंगळवारी नंबर लावलाय.
दोघींचा.