नऊ छेद बारा

उद्घाटन उद्या. आज फक्त ओळखीपाळखीच्यांना.
मी ओळखीचा नाही, ओळखीच्यांचा मामा.
गंगापूर रोडवरच्या बंगल्याचा वरचा मजला,
ताज्या डिस्टेंपरचा वास,
चित्रांखाली नावांच्या पट्ट्या अजून लागायच्यात,
आणि कागदी पेल्यातला चहा धरून सगळे
जरा तिरके उभे,
परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

भाची म्हणाली, "ही विदुला. विदुला तांबट."
तिने हात जोडले
तर नखांच्या कडा काळ्या,
अंगठ्यावर शाईचा जुना डाग.
मला एकदम बरं वाटलं.
एकतीस वर्षं मी अशाच हातांशेजारी बसून डबा खाल्ला.

"काका, तुम्ही काय करायचात?"
नाशिकरोड. नोट प्रेस. तपासनीस.
"म्हणजे आपण एकाच धंद्यातले," ती म्हणाली
आणि हसली नाही, म्हणून मला ते पटलं.

तिचे वडील तांब्यावर ठोके घालायचे,
हंडे, बंब, घागरी.
ही तांब्यावर ओरखडे काढते,
आम्लात बुडवते, शाई भरते, पुसते,
ओला कागद ठेवून यंत्राचं चाक फिरवते.
"बाबा म्हणतात, चांगला पत्रा नासवते मी."

चित्र दसकच्या घाटाचं.
पायऱ्यांवर वाळत घातलेली एकच चादर,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
माणूस नाही. नदीही जेमतेम,
सहा-सात रेघा, त्यातली एक अर्ध्यात सोडलेली.
मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही,
चहावर साय धरली.

"यातली कुठलीही घ्या. बारा आहेत, सगळ्या सारख्या."
तिने टेबलावर फोल्डर उघडलं
आणि माझी बोटं ड्यूटीवर हजर झाली.
एकेक कागद उजेडाकडे तिरका,
कोपरा, समास, आकडा, पुन्हा कोपरा.
सारखं काही नसतं, बाई.
तीनमध्ये काळा जड झालाय. सहा पुसताना तुम्ही घाईत होता.
अकरा थंडीत छापली का?
"डिसेंबरात," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

नऊमध्ये, चादरीच्या वर, आभाळात
तांदळाच्या कणीएवढा ठिपका.
"अगं बाई, हा राहिला कसा? द्या इकडे, फाडते.
तुम्हाला दुसरी..."
मी समासावर बोट ठेवलं.

एकतीस वर्षं मी हेच केलं होतं.
शाई सरकली, रेघ तुटली, आकडा बुटका निघाला,
की लाल पेन्सिल, फुली,
मोजून बाद, मोजून भुगा.
आठवण कशाकशाची ठेवणार?
एकदा मात्र एका तावावर केस छापून आला होता,
कुणाचा तरी, लांब, टोकाशी वळलेला.
फुली मारताना पेन्सिल जरा थांबली.
एवढंच. मारली.

नऊच द्या, म्हणालो.
ती बराच वेळ ठिपक्याकडे बघत होती.
"घार म्हणू या का तिला?"
नको. ठिपकाच राहू द्या.

साडेचार हजार. पाचशेच्या नऊ नोटा
तिने न बघता मोजल्या, कुर्त्याच्या खिशात कोंबल्या.
मी बघून दिल्या होत्या. सवय.

जिना उतरून फाटकाशी आलो.
स्टुलावर वॉचमन, मोबाइलमध्ये मॅच.
मी गुंडाळी त्याच्यापुढे धरली,
पिशवी उघडली,
आणि दोन्ही हात खांद्याइतके वर केले.
"काय झालं, बाबा?" तो उठून उभा राहिला.

काही नाही रे.
छापलेला कागद घेऊन
मी कधी फाटकाबाहेर पडलो नव्हतो.

रिक्षात गुंडाळी मांडीवर आडवी.
द्वारकेचा सिग्नल नेहमीसारखा लांबला.
घरी किंमत दीड हजार सांगायची, एवढं ठरवलं.
खिळा कुठे ठोकायचा, ते अजून नाही.