सहा पस्तीस

बिस्किटांच्या डब्यातून आलं ते,
फ्लानेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं,
वर पोलीस ठाण्याचा चौपट दुमडलेला कागद.
जुझरभाईंनी आधी कागद वाचला, मग मालाकडे पाहिलं.
परवाना भावाच्या नावचा, भाऊ वारला,
महिनाअखेर जमा करणे.
एस्तेल मिस्किटा, माथारपाखाडी, वय एकोणऐंशी.
म्हणाल्या, जमा होण्याआधी
एकदा वाजलेलं ऐकायचंय.

तळहातावर मावणारं. तंबाखूच्या डबीहून थोडं जड.
माझगावची हवा त्याला कोपऱ्यांतून खात आलेली.
हल्ली रॉकेल मिळत नाही,
आठ दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवलं,
मग पितळी ब्रश, मग जुना गंजीफ्रॉक.
नवव्या दिवशी डाव्या अंगाला अक्षरं वर आली:
ऐबार. एस्पान्या.
जुझरभाईंच्या नातवानं फोनवर नकाशा मोठा केला.
डोंगरातलं गाव आहे काका, म्हणाला,
समुद्र तासाभरावर.

बाहेरून चकाकी, राणीछाप रुपयासारखी.
स्लाईड उतरवली तर आत
कानशीचे फटके तसेच्या तसे.
तिरके, उजवीकडून उतरत आलेले
आणि शेवटाला जरा उचललेले,
जिथं मनगट दमतं.
तीस वर्षं टूलरूममध्ये मी हेच मारले.
फोरमन ओरडायचा, पाचारणे, हात उचलतोस!
त्यालाही कुणी ओरडलं असेल
त्याच्या भाषेत,
आणि आत कोण बघतंय म्हणून
त्यानं तसंच सोडलं असेल.
मी बघितलं. शंभरेक वर्षांनी का होईना.

मॅगझिन कुणीतरी भरून ठेवून दिलेलं,
स्प्रिंग दबून दबून मेलेली.
दुसरी वळली. पिनचं टोक तुटलं होतं, नवं कातलं.
मुठीच्या काळ्या रबराला तडा होता, तो राहू दिला.
जुझरभाई म्हणाले, अरे भट्टीत जाणार ते,
एवढं कशाला?
मी काही बोललो नाही.
एका स्क्रूची खाच सरळ करत होतो.

मंगळवार, वरळीची रेंज. रजिस्टरात सहा गोळ्या.
पहिली: टिक्.
अशा वेळी नळी समोर धरून तीस आकडे मोजायचे असतात.
मोजले.
बाई कानाचे मफ हातात घेऊन उभ्या, लावेनात.
दुसरी वाजली.
तिसरीला रिकामं काडतूस निघता निघता अडकलं,
दाताखाली खडा आल्यासारखं. काढलं.
चौथी. पाचवी.
कागदात भोकं तीनच,
तिन्ही खाली, डावीकडे,
कुणाच्या तरी पायावर नेम धरल्यासारखी.

एवढाच? बाई म्हणाल्या.
फळीवर फळी पडावी एवढाच तो आवाज,
रेंजच्या भिंतीलाही पुरला नाही.
मग म्हणाल्या,
बाबा बोटीवरून आला की खिशातून काढून
उशीखाली ठेवायचा.
आई त्या रात्री आमच्यात येऊन झोपायची.
आम्ही पाच पोरं,
कूस बदलायची तर विचार करून बदलायचो.
एवढ्याशाला?

सहावी मारू का, विचारलं.
नको, म्हणाल्या. ऐकलं.
रजिस्टरात लिहिलं:
रिकामी चार, मुकी एक, शाबूत एक.
टॅक्सीत बसेपर्यंत मफ त्यांच्या हातातच होते,
मला धावत जाऊन परत आणावे लागले.

ठाण्यात हवालदारानं लांबूनच पाहिलं
आणि अवस्थेच्या रकान्यात
हाताच्या सवयीनं लिहून टाकलं,
जुने, निकामी.
मी म्हटलं, साहेब, खोडा.
त्यानं मान वर केली.
चालू आहे, म्हटलं. चालू लिहा.
शेवटी भट्टीतच ना, तो म्हणाला.
हो. पण चालू लिहा.
पंख्याखाली कागद फडफडत होता,
त्यानं त्यावर कोपर ठेवलं,
खोडलं,
लिहिलं.