तीन पॉइंट

धकातेकाकांच्या वहीत माझ्या खोलीचे तीन पॉइंट.
पंख्याचा एक, बल्बचा एक,
आणि एक नुसताच, मोबाइल लावते म्हणून.
पॉइंटामागे दीडशे, दर पाच तारखेला,
लाइन असो की नसो.

तांडापेठेत लाइन जाते ती नेमकी ताटं वाढल्यावर.
गच्चीवर गेलं की दूर कोराडीच्या चिमण्या दिसतात,
माथ्यावर लाल दिवे लावून उभ्या.
रुणाली विचारते, आपली वीज तिथंच बनते ना?
मग यायला इतका वेळ काहून लागते?

मशीनच्या वर साठाचा बल्ब होता.
पिवळा, तापट.
मे महिन्यात त्याच्याखाली बाही जोडायची म्हणजे
कूलरकडे पाठ अन् तव्याकडे तोंड.
संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर घरघरू लागले
की तो आतल्या आत आकसायचा,
नुसती तार दिसायची, लाल, केसाएवढी,
आणि सुईचं नेढं मी जिभेनं शोधायची.

मकसूदभाईच्या दुकानातून नवाचा आणला.
जुना फेकू नका, तो म्हणाला,
थंडीत कोंबडीच्या पिलांना ऊब देते.
माझ्याकडं कुठली पिलं!
तरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला, कपाटावर.

त्या रात्री बोकडेबाईंचा ब्लाउज अर्ध्यातून उसवला.
पिवळ्या उजेडात जो मोतिया वाटला होता दोरा
तो पांढऱ्यात सरळ लिंबू निघाला.
मग डब्यातल्या रिळी काढून बसले.
तपकिरी म्हणून ठेवलेली जांभळी,
काळ्यांत तीन निळ्या.
अकरा वर्षं
कुणाकुणाच्या हळदीला, कुणाच्या बारशाला
माझा चुकीचा दोरा मिरवून आला
आणि एक बाई बोलली नाही.
त्यांच्याही घरी साठाचाच असेल.

पाच तारीख. धकातेकाका, वही, तीन पॉइंट.
म्हटलं, काका, साठावरून नवावर आली मी.
म्हणाले, नऊ असो का नव्वद,
पॉइंट तर पॉइंटच असते ना जी.

मग सबमीटर बसवला. माझ्या पैशानं.
दोन फॉल-पिकोचे, एका नऊवारीचे पैसे गेले त्यात.
त्याच्यात एक लाल ठिपका, लुकलुकणारा.
काकांना खुर्ची दिली, पंखा बंद केला,
कपाटावरचा जुना काढून लावला:
मिनिटाला तीनदा लुकलुकला, कधी चारदा.
नवा लावला: एकदा लुकलुकला.
मग काहीच नाही.
काकांच्या गळ्यावरून घाम उतरला,
मी एक हुक लावून काढलं, गाठ मारली,
दुसऱ्याला सुई घातली,
तेव्हा कुठं ठिपका परत पेटला.
मीटर खराब आहे, काका म्हणाले, आणि उठले.

खराब तर खराब.
मी मात्र रोज बघते.
दोन लुकलुकांमध्ये एक हुक,
हात चालला तर दीड.

रुणालीच्या दहावीसाठी अजून एक घेतला मग,
पोटात बॅटरीवाला,
लाइन गेली तरी चार तास जळतो.
होल्डरमधून काढून ओल्या बोटांनी बूड धरलं
तर हातातच पेटतो.
पहिल्यांदा पेटला तेव्हा मी सोडूनच दिला होता.
गादीवर पडला म्हणून वाचला.

परवा साडेआठला गेली लाइन.
पूर्ण पेठ गेली, अगदी चौकातल्या हायमास्टसकट.
जिन्यात काकांचा आवाज,
हातात वही, आज पाच तारीख,
एक पाय कुठं ठेवावा म्हणून हवेत.
मी बल्ब काढला, बाहेर आले.
मुठीत उजेड, खाली ना तार ना होल्डर.
त्यांनी आधी बल्बाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे,
मग वहीच्या पानाकडे, बराच वेळ.
हा कोणत्या पॉइंटावर हाये?

म्हटलं, काका, सांभाळून,
खालची पायरी फुटली आहे.