खिडकीतली पट्टी

ट्यूबवरचं नाव वाचू नका, शेडबाळे सर म्हणाले,
नाव काय, कुणीही ठेवतं.
मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा नंबर असतो, तो बघा.

मी चष्मा पुसला.
'लिंबू पिवळा': आत तीन द्रव्यांची खिचडी.
शेजारची तिप्पट महाग, आत एकच.

दोन्ही घेतल्या. आणि घरची चिमूटभर हळद,
डिंकाच्या पाण्यात घोटून.
तीन पट्टे ओढले, अर्ध्यावर पुठ्ठा,
आणि दिवाळीत पट्टी चिकटवली
मार्केट यार्डाकडच्या खिडकीला,
जिथे ऊन दुपारभर सौद्याला बसतं.

गुढीपाडव्याला पुठ्ठा काढला.
महागडा जसाच्या तसा.
स्वस्तातला दुखण्यातून उठल्यासारखा.
आणि हळद, आमच्या सांगलीची,
जिच्यावर तीन बहिणींची लग्नं झाली,
पुठ्ठ्याखाली होती तेवढीच.
बाकी कागद.

अण्णांना दाखवली.
काट्यावर पोती चढवून आलेले, नुकती आंघोळ झालेली.
बोलले नाहीत. हात पुढे केला.
नखांच्या कडा पिवळ्याधमक.

तेव्हापासून तो हात रंगवतेय.
एक नंबरी पिवळ्यात कणभर गेरू,
मग आणखी कणभर.
अजून जुळत नाही.